ज्वारी आली तेव्हा परवाना नव्हता
(कल्याणच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आपली ज्वारी मूळची आफ्रिकेची. तिथल्या शेतकऱ्याने रानगवतातून निवडून घडवलेले हे पीक हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आले. पुढे हिंदुस्थानचे सुती कापड आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊ लागले. बदल्यात सोने, हस्तिदंत मिळे. किल्वा, सोफाळा ही बंदरे त्यावरच भरभराटली. तेव्हा युरोपीयांनी व्यापार शिकवला, असे कोणी सांगितले तर मान डोलवू नका.

१४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला आला. १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी किल्वा लुटले, सोफाळ्याला गढी बांधली. जास्त भाव देऊन त्यांनी गिऱ्हाईक जिंकले नाही, वाट अडवली. मग सोन्याचे व्यापारी अंगोशेच्या आडवाटेने माल नेऊ लागले. गढी राहिली, बाजार निसटला.

तोच खेळ इथे झाला. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांनी वसईचा मुलूख घेतला. अट अशी, की तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या गलबतांनी वसईला परवाना घ्यावा आणि परतताना तिथेच जकात भरावी. या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. गलबत तुमचे, माल तुमचा. कागद नसेल तर दोन्ही जप्त! कल्याण एवढे जुने बंदर, पण खाडीचे तोंड पोर्तुगीजांच्या हाती. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि इथे जहाजे बांधायला काढली, ती उगीच नाही. ठाणे १७३७ मध्ये, वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतली.

पश्चिम आफ्रिकेत तर युरोपी व्यापारी हिंदुस्थानी कापड देऊन माणसे विकत घेत. ती माणसे गुलाम म्हणून अमेरिकेच्या मळ्यांवर जात. इथे कापूस पिकवणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

१८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली. पुढे घाट ओलांडून खानदेश-वऱ्हाडचा कापूस याच रुळांवरून मुंबई बंदरात जाऊ लागला. वाट नवी झाली, पण भाव लिव्हरपूलला ठरे.

म्हणून व्यापारी गोरा की काळा, आपला की परका, हा प्रश्न दुय्यम आहे. त्याचा भाव नाकारून दुसऱ्याच्या दारी जायची वाट मोकळी आहे का, एवढे विचारा. वाट मोकळी असेल तर तो व्यापार. नसेल तर ती जकातीची चौकी, मग पाटीवर नाव कोणाचेही असो.