भोकांची साक्ष



चौथीनंतर आमची शाळा सुटली. दगडांची विद्या आम्ही खाणकामगारांच्या संगतीत आणि उसन्या पुस्तकांतून मिळविली. तेव्हा पंडितासारखे न बोलता चौकशी करणाऱ्यासारखे बोलतो.

आपला काळा कातळ लाव्ह्याचा. समुद्राची साक्ष काढायला आम्हांला दूर जावे लागले. तामिळनाडूत अरियलूरजवळ कल्लनकुरिच्ची येथे सिमेंटसाठी चुनखडी काढतात. ती सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचली. तीत कालवांच्या जाड शिंपा खच्चून भरल्या आहेत आणि पुष्कळ शिंपांना भोके आहेत. भोक दिसले की आम्ही म्हणत असू, ‘किडीने खाल्ले.’ ती आमची चूक होती.

भिंगातून पाहा. वर बारीक छिद्रांची चाळण आणि मोडलेल्या कडेत एकमेकींना जोडलेल्या कोठड्या दिसल्या, तर ते स्पंजाचे काम. तोंड अरुंद आणि आत पोट फुगलेले असेल, तर तिथे दुसऱ्याच जातीचा शिंपला घर करून होता. एकच नीट गोल भोक, बाहेर रुंद व आत निमुळते असेल, तर शिकारी समुद्रगोगलगायीचा संशय घ्यावा. ती भोक पाडून आतला जीव खाते.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. भोक पडले तेव्हा घरधनी जिवंत होता काय? स्पंजाने शिंप आतल्या अंगाने कोरायला घेतली असेल, तर धनी आधीच मेला होता. त्याच्या खुनाचा आरोप स्पंजावर टिकत नाही. उलट, भोकावर आतून नव्या थराचे ठिगळ बसले असेल, तर धनी जिवंत होता आणि घर सावरीत होता.

दुसऱ्या एका खाणीत दोर तुटून आमचा एक सोबती गेला. ‘त्याचाच निष्काळजीपणा’ हा निकाल चौकशीआधीच तयार होता. आम्ही दोराची टोके पाहायला मागितली. बहुतेक धागे जुने तुटलेले, मळून काळे झालेले. ताजे तुटलेले चारच! त्या टोकांनी त्याच्या विधवेला भरपाई मिळवून दिली.

शिंपेला काय, दोराला काय, न्याय एकच. आधी काय घडले आणि मागून काय, हे वस्तूलाच विचारावे. अशी शिंप हाती आली तर घाईने खरवडू नका. कोठे सापडली ते लिहून ठेवा, दोन्ही अंगे पाहा, आणि मग निकाल द्या.