पोटरीचे दुखणे आणि हृदयविकार

चालताना पोटरी दुखते म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडे कोणी जात नाही. घरची मंडळी वाताचे नाव घेतात, तेल चोळतात, शेक देतात; आणि साठी उलटली की पाय दुखायचेच, अशी समजूत करून घेतात. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु एक दुखणे असे आहे की, त्याची जागा पोटरीत असली तरी त्याचा खरा धोका छातीत असतो.

त्याची खूण सोपी आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाला काहीच होत नाही. ठरावीक अंतर चालून गेले की पोटरी, क्वचित् मांडी किंवा कुल्ला, आवळल्यासारखा होऊन दुखू लागतो. उभे राहिले की काही मिनिटांत कळ ओसरते. पुन्हा चालू लागले की जवळजवळ तेवढ्याच अंतरावर ती परत येते. चढावर ती लवकर येते. रात्री अंथरुणात येणारे वांब ते हे नव्हेत. कंबरेच्या मणक्यात नसा दबल्यानेही चालताना पाय दुखतात. पण त्या रोग्याला नुसते उभे राहून आराम पडत नाही, त्याला बसावे किंवा पुढे वाकावे लागते.

या वर्णनाशी दुसरे एक वर्णन ताडून पाहण्याजोगे आहे. १७६८ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे विल्यम हेबर्डेन यांनी छातीतील एका व्यथेविषयी निबंध वाचला. चालताना, विशेषतः चढ चढताना व जेवणानंतर लगेच, छाती आवळून येते आणि माणूस थांबला की ती व्यथा नाहीशी होते, असे त्यांनी नोंदविले. हाच तो हृच्छूल. पुढे १८३१ मध्ये बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने एका घोड्याची हकीकत लिहिली. तो थोडा धावला की लंगडू लागे आणि विश्रांती मिळताच पूर्ववत् चाले. मेल्यावर पाहिले तो मांडीतील धमनी बंद झालेली. १८५८ मध्ये पॅरिसच्या शार्को यांनी हाच प्रकार माणसात दाखवून दिला. छाती आणि पोटरी या दोन शब्दांची अदलाबदल केली, तर दोन्ही वर्णने एकच ठरतील.

कारणही एकच आहे. स्नायू हृदयाचा असो की पोटरीचा, काम करू लागला की त्याला विश्रांतीच्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक रक्त लागते. धमनीच्या आतल्या अस्तराखाली कोलेस्टेरॉलसारखे स्निग्ध द्रव्य साचून तिथे जाड थर बनला म्हणजे वाट अरुंद होते. धमनीचा व्यास निम्मा झाला की रक्ताला मिळणारी वाट निम्मी नव्हे, तर चौथाईच उरते. बसल्या जागी तेवढ्यावर भागते, श्रमाच्या वेळी भागत नाही; मग स्नायू ओरडू लागतो. थर साचण्याची ही क्रिया एकाच धमनीपुरती नसते. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील कोलेस्टेरॉल यांचा मारा सर्व धमन्यांवर सारखाच होत असतो. पायाची धमनी बिघडली आणि हृदयाची, मेंदूची स्वच्छ राहिली, असे क्वचितच घडते.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये धमन्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १,००० रुग्णांच्या हृदयाच्या धमन्यांची क्ष-किरण चित्रे काढण्यात आली. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार शंभरात अवघ्या आठ जणांच्या हृदयधमन्या निर्दोष निघाल्या. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा वर्षे चाललेल्या दुसऱ्या एका पाहणीत, पायाच्या मोठ्या धमन्यांचा विकार असलेल्यांना हृदयधमन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा संभव इतरांच्या सुमारे साडेसहा पट आढळला. पाय कापावा लागेल की काय, ही या रोग्याच्या मनातली भीती. वस्तुतः केवळ चालताना दुखणाऱ्यांपैकी फार थोड्यांवर ती वेळ येते. हृदयाचा झटका किंवा पक्षाघात त्याहून कितीतरी अधिक जणांना गाठतो. पायात मुख्य वाट अडली तरी आजूबाजूच्या बारीक वाहिन्या हळूहळू रुंदावून आडवाट काढतात. हृदयात तेवढी सवड बहुधा मिळत नाही. तिथला थर एकाएकी फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत स्नायू मरू लागतो.

या नात्यात एक फसवी गोष्ट आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. ज्याची पोटरी शंभर पावलांवर थांबवते, त्याच्या हृदयावर ताण पडेल इतके चालणे त्याच्याकडून होतच नाही. सबब छातीत कळ नाही, म्हणून हृदय ठीक आहे, हा निष्कर्ष त्याच्या बाबतीत लागू पडत नाही. मधुमेह्याचे तर याहून अवघड. त्याच्या संवेदना बधिर झाल्यामुळे पोटरीही बोलत नाही आणि कित्येकदा हृदयाचा झटकाही न दुखता येऊन जातो. बोटाची न भरणारी जखम हीच त्याची पहिली सूचना असू शकते.

तपासणी मात्र अगदी साधी, सुईवाचून होणारी आहे. रोग्याला निजवून घोट्याजवळचा व दंडाचा रक्तदाब मोजतात आणि पहिल्याला दुसऱ्याने भागतात. दंडात १४० आणि घोट्यात ९८ भरला, तर भागाकार ०.७० येतो. निरोगी माणसात तो १ किंवा थोडा अधिक असतो, ०.९० किंवा त्याखाली गेला की पायाच्या धमनीत अडथळा आहे असे धरतात. जुन्या मधुमेह्यांच्या धमन्या चुना साचून कडक झालेल्या असल्या, तर आकडा खोटाच मोठा येतो, तेव्हा १.४० च्या वरचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये. रक्तदाब दोन्ही पायांत पाहावा लागतो. ही तपासणी इतकी स्वस्त असून ती इतक्या कमी ठिकाणी होते, याचे नवल वाटते.

उपचार पायाचे म्हणून सुरू होतात आणि उपयोगी पडतात हृदयाला. विडी, सिगारेट बंद करणे हा त्यांतला पहिला. (तरुण धूम्रपींच्या हातापायांच्या वाहिन्या बंद करणारा बर्गरचा विकार निराळा, तो स्निग्ध थरांचा नव्हे, पण तंबाखू सुटल्यावाचून तोही आटोक्यात येत नाही.) कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन औषधे, गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिनसारखी औषधे, रक्तदाब व साखर यांवरील नियंत्रण, हे सारे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालवायचे असते. आणि पायासाठी चालणे: कळ बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालावे, थांबावे, ओसरली की पुन्हा निघावे, असे अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने. पुष्कळांचे चालण्याचे अंतर यानेच लक्षणीय वाढते आणि शस्त्रक्रियेचा विचार बाजूला पडतो.

हा व्यायाम सुरू करण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी, कारण पाय सुधारला आणि माणूस लांब चालू लागला, की आजवर झाकलेला हृच्छूल पहिल्यांदाच प्रकट होण्याचा संभव असतो. पोटरीऐवजी छाती आवळून आली, ती कळ जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे गेली, तर चालणे तिथेच थांबवावे आणि ते त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावे. थांबूनही ती काही मिनिटांत गेली नाही, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.