एका फलकाकरवी दुसऱ्यास आज्ञावली देणे
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



कर्जत व खालापूर तालुक्यांतील पावसाचा जोर आपणांस पुस्तकातून शिकावा लागत नाही. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. तेव्हापासून पावसाची नोंद हा आपल्याकडे केवळ भूगोलाचा पाठ राहिलेला नाही. शाळेतील यंत्र दरडीची पूर्वसूचना देईल, असे मी म्हणत नाही. परंतु आपल्या वाडीवर आज किती पाऊस झाला, हे मुलांनी स्वतः मोजावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

या कामी ईएसपी-०१ हा लहानसा वायफाय फलक उपयोगी पडतो. पर्जन्यमापकाचे भांडे किती वेळा कलंडले हे मोजून तो आकडा वर्गातील मोबाइलवर दाखवू शकतो. अडचण एवढीच की, त्यास यूएसबीचे तोंड नाही. मग संगणकातील आज्ञावली त्यात उतरवावी कशी? शाळेत आर्डुइनो ऊनो असेल, तर त्यासाठी निराळे साधन विकत घेण्याचे कारण नाही.

ऊनोवर मुख्य मायक्रोकंट्रोलर असतो, आणि यूएसबीवरून आलेला मजकूर सिरीयल जोडणीवर देणारी दुसरी चिपही असते. आपणांस या दुसरीचेच साहाय्य हवे. म्हणून ऊनोचे रीसेट व ग्राउंड एका तारेने जोडावे. म्हणजे मुख्य मायक्रोकंट्रोलर स्तब्ध राहतो आणि मध्ये बोलत नाही.

पुढे बहुतेकांची गफलत होते. एरवी एकाचे टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जोडतात. येथे मात्र आरएक्सला आरएक्स व टीएक्सला टीएक्स जोडावे. कारण ऊनोवरील ती नावे स्तब्ध केलेल्या मायक्रोकंट्रोलरच्या दृष्टीने दिलेली आहेत.

विद्युतदाबाविषयी विशेष सावध असावे. ऊनोचा संदेश ५ व्होल्टचा, तर ईएसपी ३.३ व्होल्टचा. यासाठी १० किलोओहमचे तीन रोधक घ्यावेत: एक ऊनोच्या व ईएसपीच्या आरएक्समध्ये, उरलेले दोन एकापुढे एक जोडून ईएसपीच्या आरएक्सपासून ग्राउंडपर्यंत. ऊनोची ३.३ व्होल्टची पिन सुमारे ५० मिलिअँपिअरच देते; वायफाय चालू असता ईएसपीस दीडशेहून अधिक लागतात. म्हणून ३.३ व्होल्टचा पुरवठा स्वतंत्र असावा आणि सर्वांचे ग्राउंड एकत्र जोडावे. ईएसपीची सीएच-पीडी पिन ३.३ व्होल्टला व जीपीआयओ-० ग्राउंडला जोडून मगच पुरवठा सुरू करावा. अशा स्थितीत ईएसपी नवी आज्ञावली स्वीकारण्यास सिद्ध होतो.

आज्ञावली उतरल्यावर जीपीआयओ-० ची तार सोडवून पुरवठा एकवार बंद करून पुन्हा सुरू करावा. कर्जतला गाडीमागे लावलेली बँकर इंजिने घाट चढून झाल्यावर सोडवितात, त्याप्रमाणे ऊनोही आता काढून घ्यावा. तो दुसऱ्या गटाच्या उपयोगी पडेल, आणि एका ऊनोवर अनेक फलक तयार होतील.

एक विनंती आहे. जोडणी आपण फळ्यावर काढावी, पण तारा मुलांच्या हातांनी जोडवाव्या. पुरवठा सुरू करण्यापूर्वी मात्र प्रत्येक तार स्वतः तपासावी. यंत्राशेजारी सरळ कडांचा एक डबाही ठेवावा आणि त्यातील पाणी रोज पट्टीने मोजावे. दोन्ही आकडे जुळत नसतील, तर कोणता खरा व का, हे मुलांनाच शोधू द्यावे. पाऊस मोजण्याचे खरे शिक्षण तेथेच होते.