उष्ण हवेचा ब्रश

न्हाणें झाल्यावर शेगडींत धूप घालून ओले केस त्या धुरावर शेकण्याची चाल आपल्या घरांत जुनी आहे. ती शेगडी आतां गेली, आणि तिच्या जागीं विजेचा ब्रश आला. दांडींतून गरम वारा येतो, वाटोळ्या ब्रशाच्या छिद्रांतून बाहेर पडतो, आणि केस वाळविणें, विंचरणें व वळविणें हीं तिन्ही कामें एकाच हातानें होतात. सोय मोठी, यांत शंका नाहीं. परंतु शेगडीपाशीं बसणारी स्त्री केस निखाऱ्यापासून दूर धरीत असे. हा ब्रश केसांना चिकटूनच असतो.

केस वळतो तरी कसा? केस म्हणजे केरॅटिन नांवाच्या प्रथिनाचा तंतु. त्याच्या सांखळ्या एकमेकींशीं निरनिराळ्या बंधांनीं जोडलेल्या असतात. गंधकाचे बंध बळकट. ते पाण्यानें सुटत नाहींत. हायड्रोजनचे बंध मात्र पाण्यानें व उष्णतेनें सुटतात, आणि केस कोरडा होऊन निवला कीं तो ज्या आकारांत असेल त्याच आकारांत पुनः जुळतात. म्हणजे वळण बसतें तें तापतांना नव्हे, निवतांना! पुष्कळ भगिनी बट गरम असतांनाच ब्रश ओढून काढतात, आणि वळण टिकत नाहीं म्हणून दुसऱ्या दिवशीं आंच वाढवितात. त्याऐवजीं बट ब्रशावर गुंडाळलेलीच ठेवून थंड हवेचें बटण दाबावें, दहा-पंधरा आंकडे मोजावे, आणि मग ब्रश उलट फिरवून बट सोडवावी. मुंबईच्या आषाढांत हेंही वळण दुपारपर्यंत सुटेल. हवेंतील बाष्पच ते बंध सोडवितें, त्याला इलाज नाहीं.

ओलेचिंब केस मात्र या ब्रशावर कधींही घेऊं नयेत. केसाच्या आंत मुरलेल्या पाण्याची एकाएकी वाफ झाली, तर आंत बुडबुडे धरतात व केस तेथेंच मोडतो. सूक्ष्मदर्शकाखालीं ते बुडबुडे स्पष्ट दिसतात. उष्णतेचें भय सरसकट बाळगावें असेंही नाहीं. २०११ सालीं कोरियांतील संशोधकांना असें आढळलें कीं, केस आपोआप वाळूं देण्यापेक्षां १५ सेंटिमीटरांवरून सतत हलता ठेवलेला गरम झोत केसाच्या आंतील भागास कमी बाधतो. ब्रशाला तें अंतर पाळतां येत नाहीं. म्हणून केस पंचानें टिपून बहुतेक वाळूं द्यावे. हातास नुसता गारवा लागेल इतके ओलसर राहिले म्हणजे ब्रश घ्यावा, आणि तोही सर्वांत मंद आंचेवर. पॅरिसमध्यें १८७२ च्या सुमारास मार्सेल ग्रातो यानें तापल्या चिमट्यानें केसांना लाटा पाडण्याची रीत काढली. त्या रीतीचे केशकार चिमटा आधीं कागदावर टेकवून पाहत, आणि कागद करपला तर तो निवूं देत.

इतकी काळजी कशासाठीं? कातडी भाजली तर भरून येते. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असल्यामुळें भरून येत नाहीं. तो महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. तीस सेंटिमीटर लांब केसाचें टोंक म्हणजे अडीच वर्षांचें धन; तें करपलें तर कापण्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां विजेविषयीं थोडें. अमेरिकेहून भाचीनें भेट म्हणून आणलेला ब्रश पुष्कळदां केवळ १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या जोडणींत तो घातला कीं जळालाच समजा. तेव्हां दांडीवरील आंकडा आधीं वाचावा. आणि न्हाणीघरांत, ओल्या हातांनीं, तर कोणताही ब्रश विजेला लावूं नये.