गळकें वाफयंत्र

दिवाळीच्या आवराआवरींत वाफेच्या यंत्रानें ओट्यावरील तेलकटपणा सुटूं लागतो, आणि नेमकी त्याच वेळीं झांकणापाशीं फुसफुस सुरू होते. घरांतील कर्ता पुरुष पुढें सरसावतो, हातांत फडकें घेतो आणि तापलेलें झांकण आणखी आवळूं पाहतो. पुष्कळ घरांत दुरुस्तीचा आरंभ असा होतो. आणि तो आरंभच धोक्याचा असतो.

या यंत्राची रचना साधी आहे. एक लहानसें बंद पात्र, तें तापविणारी विजेची कांब, पाणी भरण्याचें झांकण आणि वाफ नेणारी नळी. आंतील दाब बाहेरच्या हवेहून तीन वातावरणांइतका अधिक असला म्हणजे पाणी १०० अंशांवर न उकळतां सुमारें १४४ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापतें. अशा वेळीं झांकण निसटलें तर वाफेबरोबर उकळतें पाणीही उसळून अंगावर येतें.

वाफेचा चटका पाण्याच्या चटक्याहून दारुण असतो, याचें कारण शाळेंतील पदार्थविज्ञानांत सांपडतें. १०० अंशांवरील एक ग्रॅम वाफ नुसती पाणी होतांना सुमारें ५४० कॅलरी उष्णता सोडते. तितकेंच उकळतें पाणी अंगाच्या उष्णतेपर्यंत निवतांना अवघ्या ६३ कॅलरी देतें. शिवाय फटींतून सुटणारी वाफ प्रथम डोळ्यांना दिसत नाहीं. दिसतो तो थोड्या अंतरावर जमलेला जलबिंदूंचा ढग. म्हणून गळती बोटानें चांचपून शोधणें हा अविचार होय.

प्रथम विजेचा प्लग काढावा, पुस्तिकेंत सांगितलेल्या रीतीनें दाब सोडावा आणि यंत्र पूर्ण निवूं द्यावें. झांकण सहज फिरत नसेल तर जोर करूं नये. आंत दाब उरल्याची ती खूण असूं शकते. यंत्र थंड झाल्यावर गळतीची जागा बहुधा आपण होऊनच सांपडते. पाणी जेथून झिरपून वाळलें, तेथें क्षारांचा पांढरा ओघळ उमटलेला असतो.

ओघळ झांकणाखालीं असेल तर दोष बहुधा रबरी रिंगेचा असतो. प्रेशर कुकरची रिंग जशी उष्णतेनें कडक होते व चिरते, तशीच हीही. ती काढून, खोबण ओल्या फडक्यानें पुसून, त्याच मापाची व त्याच यंत्राची नवी रिंग बसवावी. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावण्याचा मोह टाळावा. तेलकट पदार्थांनीं कित्येक प्रकारचें रबर फुगतें. नळीच्या जोडांतील वायसरासही हाच उपाय. जड पाण्यानें पात्रांत थर सांचला असेल, तर पुस्तिकेची मनाई नसल्यास लिंबूसत्त्वाचें सौम्य पाणी थंडपणींच भरून ठेवावें व नंतर पात्र तीन-चार वेळां विसळावें.

येथवर घरगुती दुरुस्तीची हद्द आहे. पात्रालाच चीर असेल, किंवा पाणी विजेच्या भागाकडे उतरत असेल, तर यंत्र जाणत्या कारागिराकडे न्यावें. लुकणानें बुजविलेली चीर दाबाखालीं टिकत नाहीं.

सुरक्षा-झडपेंतून वाफ येत असेल तर ती कधींही बंद करूं नये. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें हाडें शिजविणारें बंद भांडें मांडलें. अशा भांड्यांचा स्फोट टाळण्यासाठीं त्यानें वजनानें दाबलेली झडप योजिली. दाब मर्यादेबाहेर गेला कीं ती उचलली जाते. तिची फुसफुस हा यंत्रानें दिलेला इशारा असतो. ती खिळ्यानें वा फडक्यानें कोंडणारा मनुष्य स्वयंपाकघरांत स्फोटाला आमंत्रण देतो.

नवी रिंग बसल्यावर यंत्र कोरडें पुसून, मुलांना दूर ठेवून, एकदां तापवून पाहावें. दहा मिनिटांत खालची फरशी कोरडी राहिली तर काम पुढें चालूं करावें. पुन्हां थेंब दिसला तर प्लग काढून ठेवावा आणि यंदाचा ओटा धुण्याच्या सोड्यानें घासावा. तसाही तो स्वच्छच निघतो.