बोस्टनची पत्रं आणि मंडळीची वही



मुदखेडकरांनी स्वागताला गुलाबांचा हार घातला. फुलांच्या या गावाला तो शोभतोच. संयोजकांचे, पाळकसाहेबांचे आणि आदिलाबादच्या गाडीने रात्रीच येऊन शाळेच्या वर्गांत झोपलेल्या प्रतिनिधींचे आभार. अशा संमेलनात अध्यक्षाने वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. आढावा छापील अहवालात आहे, तो वाचा. मला एकच बोलायचं आहे आणि ते बरीच वर्षं पोटात आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींचा इतिहास परदेशी टपालावरून लिहिला गेला. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईत उतरले, 1831 साली अहमदनगरचं ठाणं सुरू झालं, 1842 पासून मिशनचं नियतकालिक ‘ज्ञानोदय’ निघू लागलं. हे आपल्याला तोंडपाठ आहे, कारण मिशनऱ्यांनी बोस्टनच्या मुख्यालयाला लिहिलेली पत्रं आज हार्वर्डच्या ग्रंथालयात नीट लावून ठेवलेली आहेत. जालन्याच्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींचंही तेच. 1843 सालचा बाप्तिस्मा, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेली जमीन, तिथे वसवलेलं बेथेल हे ख्रिस्ती गाव, 1873 सालच्या न्यूयॉर्कच्या परिषदेतली हजेरी. स्कॉटलंडच्या चर्चने कागद जपले म्हणून शेषाद्री टिकले. पण बेथेलात राहायला गेलेल्या मांग कुटुंबांचं काय? बोटीने ती गेली आकडा होऊन. नावानिशी उरली असतील तर मंडळीच्या वहीत.

काल रात्री जेवताना पुन्हा तोच वाद पेटला: संवत छप्पनच्या, म्हणजे 1900 च्या आसपासच्या, दुष्काळात लोक भाकरीसाठी ख्रिस्ती झाले की श्रद्धेने? मास्तरकीच्या दिवसांत गोदाकाठच्या एका मंडळीत मी लाल खारव्यात बांधलेली नोंदवही पाहिली होती. नाव, बापाचं नाव, गाव, वय, साक्षीदार. 1900 सालच्या पानावर बऱ्याच नावांपुढे पाळकाने बारीक मोडीत लिहिलं होतं, पाऊस पडल्यावर विचारावे. काही पानं उलटल्यावर त्यातली थोडी नावं पुन्हा आली होती, बाकीची आलीच नाहीत. माझ्यापुरता वाद तिथेच मिटला. मोठाले प्रबंध लिहिणाऱ्यांनी त्या एका शेऱ्याला उत्तर द्यावं. वही दाखवा म्हणाल, तर ती मी दाखवू शकत नाही. एका नाताळच्या रंगरंगोटीत कपाट रिकामं झालं आणि वही रद्दीत गेली, किलोच्या भावाने.

तरी कागद नाहीसे होण्याचा सगळा दोष पाळकांवर आणि वाळवीवर ढकलू नका. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती अजून बाहेरच. मग ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला कुणी कशाला बाहेर काढील? आपले तरुण मित्र म्हणतात, सगळं स्कॅन करून जगासमोर मांडा. माझा याला साफ विरोध आहे. एका म्हातारीने दार लोटून घेऊन मला तिच्या सासऱ्याची भजनांची वही दिली आणि म्हणाली, ‘‘मास्तर, म्होरची भजनं वाचा, मागली पानं राहू द्या.’’ मागे सोयरिकींच्या नोंदी असाव्यात. मी भजनं वाचली, वही मिटून तिच्या हातात दिली. पुढच्या खेपेला तिने आपणहून तीच पानं उघडली. स्कॅनरवाल्यांना तिने चहासुद्धा विचारला नसता. ‘वाचून परत करतो’ म्हणून नेलेले कागद पुन्हा न पाहिलेली घरं या सभागृहातही असतील.

तेव्हा कागद आहे तिथेच राहावा. घरच्यांना विचारून फोटो काढावेत, यादी करावी. निजामी अमलातले जमिनीचे बरेच कागद उर्दूत, जुने जमाखर्च मोडीत. दोन्ही वाचणारी पोरं तयार करावी लागतील. शिकवणार कोण, पैसा कुठून, ते दुपारच्या सत्रात बघू. जेवणाची घंटा झालीच आहे. दाराशी एक वही ठेवली आहे. प्रत्येक मंडळीच्या प्रतिनिधीने तिच्यात एवढं लिहून पुढे जावं, की तुमच्याकडच्या जुन्या कपाटाची किल्ली सध्या कोणाकडे आहे.