कुलूप आहे, म्हणून 'सुरक्षित'?

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय एका शब्दाचा आहे. मोबाईलवर संकेतस्थळ उघडले की पत्त्याशेजारी वर्षानुवर्षे एक छोटे कुलूप दिसत आले. त्यावर बोट ठेवले की मराठीत उत्तर मिळते, 'कनेक्शन सुरक्षित आहे'. हा 'सुरक्षित' शब्द आपल्या वडीलधाऱ्यांना फार महागात पडतो आहे.

आपल्यातल्याच एका निवृत्त शिक्षिकाबाईंना नोव्हेंबरात संदेश आला. हयातीचा दाखला आज भरला नाही तर पेन्शन थांबेल, असा. सोबत दुवा होता. बाई गाफील नव्हत्या. नातवाने शिकवल्याप्रमाणे त्यांनी आधी कुलूप पाहिले, मग खातेक्रमांक आणि ओटीपी भरला. पैसे गेले. नंतर घरच्यांनी त्यांनाच बोल लावला, हे मला पटलेले नाही. कुलूप खरेच होते. त्याचा अर्थ मात्र त्यांना कोणी नीट सांगितला नव्हता.

तो अर्थ समजायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या पुष्कळ घराण्यांनी गायकवाड सरकारच्या दफ्तरात पिढ्यानपिढ्या नोकरी केली. खलिता म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. रेशमी थैली, बांधलेले तोंड, वर लाखेची मोहोर. मोहोर शाबूत असली की एवढे कळे की वाटेत कोणी थैली उघडली नाही. पाठवणारा दोस्त की दगाबाज, हे तिच्यावरून कळत नसे. मोहोर कोणाची, हे निराळे वाचावे लागे.

कुलपाचे काम तेवढेच आहे. तुमच्या मोबाईलपासून त्या संकेतस्थळापर्यंत जाणारा मजकूर सांकेतिक लिपीत जातो. स्टेशनवरच्या फुकट वाय-फायवर बसलेला तिऱ्हाईत तो वाचू शकत नाही, बदलू शकत नाही. ही लहान गोष्ट नाही. पण थैली भामट्याच्याच हाती पोहोचत असेल, तर ती सीलबंद पोहोचते इतकेच.

ही व्यवस्था १९९४-९५ च्या सुमारास नेटस्केप कंपनीने आणली. गंमत अशी की त्यांच्या पहिल्या ब्राउझरमध्ये कुलूप नव्हतेच, किल्ली होती. साध्या पानावर तुटकी किल्ली, सांकेतिक पानावर अखंड. कुलूप नंतर आले. तेव्हा त्यामागचे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे, म्हणून ते मुख्यतः बँका आणि दुकानदारांकडेच असे. २०१५ च्या डिसेंबरात 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था ते सर्वांना फुकट देऊ लागली. प्रमाणपत्र देताना तपासतात ते इतकेच, की मागणाऱ्याचा त्या पत्त्यावर ताबा आहे ना. माणूस कोण, धंदा कोणता, हे विचारत नाहीत. त्यामुळे आज लबाडांच्या बहुतेक संकेतस्थळांवरही कुलूप असते. आणि शिक्का देणारी कचेरीसुद्धा कधी घसरते. २०१४ च्या जुलैत आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून गुगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले होते आणि ती रद्द करावी लागली.

गुगलने २०२१ मध्ये पाहणी केली. भाग घेतलेल्यांपैकी फक्त ११ टक्के लोकांना कुलपाचा नेमका अर्थ सांगता आला. अखेर २०२३ च्या सप्टेंबरात क्रोममधून कुलूप काढून दोन रेघा आणि दोन गोळ्यांचे चिन्ह आणले. इतर काही ब्राउझरांत कुलूप अजून आहे. क्रोममधले चिन्ह बदलले, पण ते दाबल्यावर येणारा शब्द तोच राहिला.

इंग्रजीत 'सिक्युअर' आणि 'सेफ' हे दोन शब्द आहेत. आपण दोहोंना 'सुरक्षित'च म्हणतो. 'सिक्युअर'चे लॅटिन मूळ पाहिले तर अर्थ निघतो 'चिंतेवाचून', म्हणजे निश्चिंत! याच शहरात १९३१ साली 'श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू' छापला गेला आणि राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी अशा अनेक भाषांतले पर्याय मांडले गेले. त्या शहरातल्या मराठी माणसांनी चुकीचा शब्द मुकाट्याने वापरावा, हे बरे नव्हे. माझी सूचना अशी की आपल्या पत्रकांत आणि घरातल्या बोलण्यात कुलपाला 'सीलबंद' म्हणावे. 'साइट सीलबंद आहे का?' असे विचारले की 'कोणाची?' हा पुढचा प्रश्न आपोआप येतो.

त्याचे उत्तर पत्त्यात असते आणि ते आडनावासारखे शेवटी असते. पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा पत्ता घ्या आणि उजवीकडून वाचा. पुढे बँकेचे नाव कोणीही लावील, जसे कोणीही स्वतःला 'सरदार' म्हणवून घेईल. शेवटी 'केवायसी-अपडेट डॉट टॉप' असले काही असेल तर ते घराणे बँकेचे नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हा शेवट घ्यायला सांगितले, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे पत्ते हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फतच मिळतात, वाटेल त्याला नाही. सरकारी पत्त्यांचा शेवट बहुधा 'गव्ह डॉट इन' असतो. तरीही संदेशातल्या दुव्यावरून बँकेत जाऊच नये. पत्ता स्वतः लिहावा.

पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. १९३० वर तत्काळ फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते. लेखी तक्रार मराठीत लिहिली तरी चालते. केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे. खिडकीवरचा कारकून 'गुजरातीत आणा' म्हणाला तर शांतपणे हे कलम दाखवावे. शिक्षिकाबाईंचा अर्ज आपण तसाच दिला आणि तो स्वीकारला गेला. पैशांचा तपास अजून चालू आहे.

पत्रकाचा मसुदा कार्यवाहांकडे ठेवला आहे. 'सीलबंद'पेक्षा चांगला शब्द सुचला तर पुढच्या सभेपूर्वी त्यांना कळवावा. आता प्रश्न घेऊ.